न थांबणारं गाव आणि विंझरचा जावई

माझा आवाज मोठा आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. भोरच्या बाजारपेठेत माझं शिवणाचं दुकान आहे, आणि मशीनच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे घसा उघडावाच लागतो. शाळांचे गणवेश शिवते मी. जूनच्या तोंडावर कुणी दारात येऊन "बाई, उद्या देता का?" असं विचारलं, की माझं उत्तर पार चौकापर्यंत ऐकू जातं. आमचे हे म्हणतात, "तुला फोन कशाला लागतो? खिडकी उघडलीस तरी पुरे."

तर एका एप्रिलात दुकानात एक मुलगी आली. वरवे बुद्रुकची, तिशीतली, केस बारीक कापलेले, पाठीला सॅक. म्हणाली, "मावशी, चाळीस माणसांचे कपडे शिवायचेत. सगळे एकसारखे, राखाडी. खिसा नको, कॉलर नको, बटणसुद्धा नको."

"कुठली गं ही शाळा?"

"शाळा नाही, सिनेमा आहे."

"कैद्यांचा?"

"कैद्यांचाच. पण आपण कैदी आहोत हे त्यांना माहीत नाहीये."

मी हातातली कात्री खाली ठेवली आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. अशी गिऱ्हाइकं रोज येत नाहीत.

तिची गोष्ट अशी. पुढच्या काळातलं एक गाव. त्या गावात थांबणं हा गुन्हा. माणसं जन्मभर चालतात, चालता चालता जेवतात, चालता चालता लग्नं लावतात. खांबावरचा एक भोंगा दिवसभर बजावत असतो, थांबू नका, बघू नका, चालत राहा. एक दिवस एक माणूस रस्त्यात पडतो. कुणीच थांबत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. तेवढाच सिनेमा."

"अगं, एवढ्यासाठी चाळीस ड्रेस?" मला हसूच आवरेना. तिनं मात्र राग मानला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्या कापणीच्या टेबलावर मांडून म्हणाली, "मावशी, शिवायच्या आधी असले दोन-तीन सिनेमे बघा."

मी आजवर पाहिलेले सिनेमे नाचगाण्याचे आणि मारामारीचे. भविष्यकाळातला सिनेमा म्हटल्यावर यानं उडतील, राक्षस येतील, असं मला वाटलं होतं. कसलं काय! एका सिनेमात नुसत्या दोन खोल्या आणि तीन माणसं. त्या देशात पाऊस सरकारचा. भिजायचं असेल तर अर्ज करून चिठ्ठी आणायची. एक म्हातारा मरायच्या आधी एकदा भिजायला मिळावं म्हणून कचेऱ्यांच्या खिडकी खिडकीला फिरतो. शेवटी त्याला चिठ्ठी मिळते आणि तो अंगणात उभा राहतो, तेव्हा वरून पाईपनं पाणी सोडलंय हे चक्क दिसतं. भिंतीवर पाईपची सावली पडलीये! मी बोट दाखवून हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. पाईप दिसत होता आणि तरीही मला तो पाऊसच वाटला. इतक्या खर्चाच्या सिनेमांतले खरेखुरे पाऊस पाहिले, पण एकाही पावसात मी अशी भिजले नव्हते.

दुसऱ्या एका सिनेमात माणसांना आठवड्यातून एकदाच आरशात बघायची परवानगी. तोंडं विसरलेल्या त्या माणसांनी एकमेकांना 'मी कसा दिसतो?' विचारायचं नि समोरचा सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. बस्स. ना गोळी, ना गाडी. मी त्या रात्री भांडी घासताना ताटात स्वतःला बघत होते.

आमचे हे तेव्हा नुकतेच एसटीतून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस दुपारी घरी बसून करणार काय? तेही दुकानात स्टूल टाकून सिनेमा बघायला लागले. पावसाचा सिनेमा संपल्यावर म्हणाले, "यांच्याकडे पैसा नव्हता, हे बरंच झालं. पैसा असता तर यांनी ढग दाखवले असते, म्हातारा राहून गेला असता." इतकं नेमकं बोललेलं मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. मी त्या मुलीला म्हटलं, "शिवते तुझे चाळीस. अस्तराचं कापड वापरू, उन्हात तेच करडं आणि मेल्यासारखं दिसतं." तिनं मला कडकडून मिठी मारली.

जागा ठरली भाटघरची. भाटघर म्हणजे माझं सासर. मे महिन्यात धरण उतरलं, की पात्रातला गाळ भेगाळतो, झाड नाही, झुडूप नाही, लांबपर्यंत नुसती तडकलेली जमीन. ती मुलगी तिथं उभी राहून म्हणाली, "मावशी, हा सेट बांधायला कुणाला जमलं नसतं." आम्ही वर्षानुवर्षं तिथं गुरं धुतली, पण कधी असं बघितलं नव्हतं.

आता चालणारी चाळीस माणसं कुठून आणायची? भाटघरची माणसं हाताशी होती. पण मी तिथली सून. सुनेनं सासरच्या चाळीस माणसांवर ओरडायचं कसं? म्हणून मी टेम्पो केला आणि माझ्या माहेराहून, विंझरहून माणसं आणली. तिथं मी लेक. लेकीनं आवाज चढवला तर फार फार तर "लई शेफारली" म्हणतील. बाया, बापे, दोन-चार शाळामास्तर, आणि वडिलांची चुलतबहीण, माझी आत्या. ऐंशीच्या घरातली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी बसून आली.

पडणारा माणूस म्हणून पुण्याहून एक नट यायचा होता. शेवटच्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला, जमत नाही. मुलीचा चेहरा पांढरा पडला. सगळा सिनेमा चित्रित झाला होता, हा एकच शॉट राहिला होता, आणि त्याच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. कॅमेरा मित्राचा, संध्याकाळी परत द्यायचा. शिवाय तिला ऊन डोक्यावर हवं होतं, माणसांच्या सावल्या त्यांच्याच पायांखाली जाव्यात म्हणून. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि यांच्याकडे वळली. "काका, तुम्ही पडाल?"

हे खूश! म्हणाले, "बत्तीस वर्षं गाडी चालवली, एकदा पलटी केली नाही. आता स्वतःच होतो."

इथं चूक झाली. ती चूक त्या मुलीच्या लक्षात येणं शक्य नव्हतं, पण माझ्या यायला हवी होती. विंझरच्या माणसांपुढं धुळीत कोण पडणार होतं? विंझरचा जावई!

पहिल्यांदा हे पडले मात्र, रांगच मोडली. "आरं, जावई पडला! पाणी आना!" सहा जणांनी उचललं, दोघांनी कपडे झटकले, एकानं तळवे चोळायला घेतले. मुलगी कॅमेऱ्यामागं नुसती बघत राहिली. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, हे नाटक आहे, कुणी थांबायचं नाही. "व्हय व्हय," सगळे म्हणाले.

दुसऱ्यांदा थांबलं कुणीच नाही. पण शेजारून जाताना प्रत्येक जण हळूच विचारून जायचा, "बापू, लागलं न्हाई ना?" आणि आमचे हे, मेलेल्या माणसाचं काम करणारे, डोळे मिटूनच "न्हाई, न्हाई" म्हणायचे. तिसऱ्यांदा एका मास्तरांनी चालता चालता आपला रुमाल यांच्या तोंडावर टाकला, ऊन लागू नये म्हणून. चौथ्यांदा सगळे नीट गेले आणि माझा जीव भांड्यात पडतोय तोच शेवटी चालणारी आत्या फतकल मारून यांच्याजवळ बसली आणि पदरानं वारा घालायला लागली.

"आत्या!" मी कपाळावर हात मारला.

"अगं, जावयाला धुळीत टाकून कसं जायाचं? विंझरचं नाव काय ऱ्हाईल?" आत्या म्हणाली. मागून एक म्हातारा बोलला, "आनि मानसाला वलांडू न्हाई. ज्याला ह्ये कळत न्हाई त्यानं बगावा सिनेमा."

पालथ्या घड्यावर पाणी! ऊन सरकायला लागलं होतं. ती मुलगी कॅमेऱ्याच्या मागं पाठ करून उभी होती, आणि तिचे खांदे हलताना मला दिसले. तीन वर्षं तिनं त्या सिनेमापायी काढली होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माणसांना सूचना द्यायला तिनं माझ्या हातात एक भोंगा दिला होता, तो मी तोंडाला लावला. आत्याला रांगेतून काढून कॅमेऱ्याशेजारी छत्रीखाली बसवलं. आणि बाकीच्यांना जे काही बोलले, ते सगळं आज इथं लिहायला लाज वाटते. एवढं मात्र लिहिते, कारण ते पुढं कामाचं आहे. मी म्हणाले, "हा जावई नाही! हा कुणाचा कुणी नाही! जो थांबेल त्याला पोहे नाहीत!"

पोह्यांचं पातेलं तोवर आलेलं होतं. सकाळी यायचं ते उशिरा आलं होतं, आणि शॉट झाल्यावर खायचं ठरलं होतं. या गोष्टीकडे तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

पाचवी बारी. चाळीस माणसं राखाडी कपड्यांत निघाली, आणि काय चालली म्हणून सांगू! खाली मान, एक लय, एक चाल. माझ्या अंगावर काटा आला. मी शिवलेल्या कपड्यांतून माझंच माहेर ओळखू येईना. हे मधोमध चालत होते. दोन पावलं वाकडी पडली आणि ते कोसळले. मी भोंग्यातून ओरडत होते, "थांबू नका! बघू नका! चालत राहा!" कुणी थांबलं नाही. कुणी बघितलं नाही. मास्तर गेले, म्हातारा गेला, माझा सख्खा भाऊ गेला. मुलगी माझा दंड घट्ट धरून होती. यांचा हात मातीत थरथरत होता, आणि मला, देवाशपथ सांगते, अभिमान वाटला. म्हटलं, आज किती जीव ओतून काम करतोय माझा माणूस.

आणि आत्या उठली. छत्री बाजूला सारून सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत निघाली.

"आत्या, मागं व्हा! शॉट बिघडतोय!" मी भोंग्यातूनच ओरडले. तिनं मागं वळून पाहिलं नाही. "आत्या, कुणी थांबायचं नाही म्हणून सांगितलं ना! मागं व्हा!"

ती यांच्याजवळ बसली, कपाळाला हात लावला, आणि तिचा आवाज माझ्या भोंग्यापेक्षा मोठा आला. "गार पडलाय गं! घामानं भिजलाय नि गार पडलाय!"

माझ्या काळजाचं पाणी झालं. भोंगा कुठं टाकला, कशी धावले, काही आठवत नाही. आत्यानं कनवटीची चंची सोडली होती. पानाबरोबर ती गुळाचा खडा ठेवते, उन्हातनं आलेल्याला द्यायला. तो खडा तिनं दातांनी फोडून यांच्या गालात सारला. यांची जीभ हलली. आत्या म्हणाली, "चघळा बापू, चघळा," नि हे लहान मुलासारखं चघळत होते. चाळीस माणसं राखाडी कपड्यांत तशीच गोल उभी होती.

टेम्पोतून भोरला दवाखान्यात नेलं. यांना मधुमेह, रक्तातली साखर उतरली होती. डॉक्टरांनी विचारलं, "साखरेची गोळी घेतली आणि खाल्लं काहीच नाही? असं का?"

हे सलाईन लावलेल्या हातानं खुणावत म्हणाले, "सासरचे पाहुणे माझ्या गावात आलेले. ते जेवायच्या आधी मी कसा खाणार?"

गोळी मात्र घड्याळ बघून, सकाळी आठला. एसटीची सवय.

वाटेत मी आत्याला विचारलं होतं, तुम्हाला कळलं कसं? ती म्हणाली, "चार बाऱ्या पडताना जावयानं आधी हात टेकला. ह्या बारीला टेकला न्हाई. आमी बगत हुतो ना." मी बघत नव्हते का? मी तर कॅमेऱ्याशेजारीच उभी होते.

आठवडाभर मी दुकान उघडलं नाही. हे हिंडू-फिरू लागले, थट्टा करू लागले, पण माझ्या मनातून ते जाईना. मग ती मुलगी घरी आली. यांच्या पायाला हात लावून म्हणाली, "काका, तो शॉट मी पुसून टाकते."

"काही पुसायचं नाही," हे म्हणाले. "पाच वेळा पडलोय मी. फुकट जायला नको."

मग ती माझ्याकडे वळली. तिला बोलायला जड जात होतं. भोंग्याचा आवाज म्हणून ती पुण्यातल्या एका गृहस्थांचा भारदस्त आवाज घेणार होती. पण त्या दिवशी माइक चालू होता. माझं सगळं बोलणं त्यात आलं होतं. "मावशी, तुमचाच आवाज ठेवू का? तुम्ही नको म्हणालात, तर कसलाही प्रश्न न विचारता काढते."

मी भडकलेच. "अगं, तालुकाभर माझी शोभा करतेस? नवरा पडला नि बायको त्याच्यावरून माणसं हाकत होती, असं लोकांनी म्हणायचं?"

ती खाली बघून म्हणाली, "त्या गृहस्थांचा आवाज ऐकून माणूस घाबरतो. तुमचा ऐकला की ओळखीचा वाटतो. मला तेच हवं होतं, आणि ते मला आधी कळलं नव्हतं." तिनं आवाज भरलेला रेकॉर्डर आणि हेडफोन टेबलावर ठेवले आणि गेली.

तीन दिवस ते हेडफोन तिथंच पडून होते. चौथ्या दिवशी मी ते कानाला लावले. हा जावई नाही, हा कुणाचा कुणी नाही. गळ्यात त्याच माणसाचं मंगळसूत्र, आणि हा आवाज माझा! त्यात दुष्टपणा शोधून सापडत नव्हता. जून महिन्यात गिऱ्हाइकाला उत्तर देतानाचाच तो आवाज, काम उरकायचंय, उशीर होतोय, एवढंच त्यात होतं. ते सिनेमे बघताना मी दर वेळी त्या मुलीला विचारायचे, चिठ्ठ्या देणारा तो खिडकीतला माणूस आहे तरी कोण? त्याचं घरदार नाही का? ते सिनेमेवाले त्याचं तोंड दाखवतच नाहीत. का दाखवत नाहीत, ते मला माझ्याच टेबलाशी बसून कळलं. कुणाच्या डोक्यातनं निघत असतील या गोष्टी! पाईपनं पाऊस पाडणाऱ्या त्या फाटक्या खिशाच्या माणसांना मी मनातल्या मनात हात जोडले.

मुलीला फोन केला. "ठेव," म्हटलं. "पण माझ्या चुकीतलं एक अक्षर कापायचं नाही."

थंडीत सिनेमा तयार झाला आणि पहिल्यांदा विंझरच्या समाजमंदिरात दाखवायचं ठरलं. भर दुपारी, खिडक्यांना घोंगड्या लावून, भिंतीवर माझ्याच दुकानातलं पांढरं कापड ताणून. अख्खं गाव लोटलं. सुरुवातीला नुसता कल्लोळ, "त्यो बग मास्तर!", "आरं, ही आपली वैनी!" मग हळूहळू सगळे गप्प झाले. पडद्यावर ते माझंच गाव चालत होतं आणि एकालाही ते आपलं वाटत नव्हतं. इतका सुंदर आणि इतका भयाण सिनेमा मी आजवर पाहिलेला नाही, आणि मी हे केवळ माझे कपडे त्यात आहेत म्हणून म्हणत नाही.

शेवटचा शॉट आला. हे माझ्या शेजारी बसले होते, खिशात गुळाचा खडा, आता तो नेहमीच असतो. पडद्यावर हे पडले. हात न टेकता पडले, आता मलाही दिसलं. भोंगा सुरू झाला. हा जावई नाही, हा कुणाचा कुणी नाही. थांबू नका, बघू नका, चालत राहा. समाजमंदिरात तो आवाज भिंतीवर आपटत होता. आवाज कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माझ्याकडे वळून एकानंही पाहिलं नाही. मी पदर तोंडात कोंबला. मग पडद्यावर आत्या आली, वाकलेली, झपाझप, आणि भोंगा किंचाळला, "आत्या, मागं व्हा!"

पुढं सतरंजीवर बसलेली आत्या त्या दिवशी धरणात मला रागानं एक शब्दही बोलली नव्हती. तिनं आज पडद्याकडे बोट केलं आणि भर सभेत त्या आवाजाला म्हणाली, "गप बस, भवाने. मानूस पडलाय."

कुणीही हसलं नाही. आयुष्यात प्रत्येकाला उत्तर दिलेली मी, गप्प बसले.